उजवीकडून येणारी रेघ

भिंगाच्या काठाचा जिथे टवका उडाला होता तिथे उन्हाचा एक कण अडकला होता — पिवळा, मग हिरवट, मग पुन्हा पिवळा — आणि ती हातात कपडा घेऊन तोच पुसत बसली होती, डाग असल्यासारखा. ऊन पुसून जात नाही हे लक्षात यायला तिला बराच वेळ लागला. मूठ पितळेची, बाबांचा अंगठा टेकून टेकून एका बाजूला खळगा पडलेली. लहानपणापासून तिचा अंगठा त्या खळग्यात कधी बसला नव्हता, थोडा वर, थोडा तिरका राहायचा. आज तो सहज जाऊन बसला. तिनं भिंग टेबलावर ठेवून दिलं, तेही काच खाली करून, जे बाबांना मुळीच खपायचं नाही.

साडेनऊ झाले होते. अकराला ते येणार होते. वकीलबाई, आणि त्यांच्याबरोबर नोंदणी कचेरीतला अधिकारी. डॉक्टरांनी लिहून दिलं होतं की सकाळी साडेदहा ते बारा बाबा बऱ्यापैकी भानावर असतात. हे वाचताना तिला एखाद्या दुकानाच्या दारावरची पाटी वाचल्यासारखं वाटलं होतं आणि दवाखान्यातच हसू फुटलं होतं. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले. हसू नाही तर काय करू, डॉक्टर? माझे वडील दिवसातून दीड तास उघडतात.

वकीलबाईंनी तिला समजावलं होतं, एकदा फोनवर आणि एकदा समोर बसवून, लहान मुलीला समजावावं तसं. "मुखत्यारपत्र म्हणजे त्यांनी आपण होऊन तुमच्या हातात दिलेलं. पुढे त्यांचं भान गेलं तरी चालेल असं आपण त्यात लिहून घेऊ, पण देताना ते भानावर हवेत. ती वेळ टळली की मग कोर्ट. मग कोर्ट पालक नेमणार, आणि तुम्हालाच नेमेल असं नाही हं. भावाला विचारतील. डॉक्टरांना विचारतील. जुने कागद मागवतील, सगळे."

सगळे, हा शब्द बाईंनी सहज उच्चारला होता. त्या दिवसापासून तो तिच्या कानातून गेला नव्हता.

दादा दुसऱ्या शहरात होता आणि तिथून उंटावरून शेळ्या हाकायचा. वाईट नव्हता तो. फोनवर रडायचासुद्धा. पण त्यानं तिकडे एक संस्था बघून ठेवली होती. "बेबी, तिथे प्रत्येक दाराला कुलूप असतं. सुरक्षित असतात माणसं. तू किती दिवस करणार?" कुलूप हा शब्द तो असा म्हणायचा की जणू खिडकीबाहेर बाग असते म्हणतोय. बाबांना बंद दार सहन होत नव्हतं. अंघोळीलाही ते दार उघडं ठेवायचे, आणि ती बाहेर भिंतीकडे तोंड करून उभी राहायची आणि त्यांच्याशी बोलत राहायची, म्हणजे त्यांना कळावं की घरात कुणी आहे. हे कुलूपवाल्यांना कोण सांगणार? आज सही झाली तर बाबा या घरात, या खिडकीशी राहणार होते. नाही झाली तर…

तिनं त्यांना निळा सदरा घातला. गुंड्या लावताना ते तिच्या चेहऱ्याकडे बघत होते — आधी कपाळ, मग डोळे, मग हनुवटी, मग पुन्हा वर — ताडून बघितल्यासारखे.

हे बघणं जुनं होतं. पस्तीस वर्षं त्यांनी बँकेत एकच काम केलं. आलेल्या कागदावरची सही कपाटातल्या नमुन्याच्या कार्डाशी ताडून बघायची. जुळली तर कागद पुढे, नाही जुळली तर मागे. बँकेत त्यांना भिंगराव म्हणायचे. ती सवय घरीही यायची. पोस्टमनच्या पावतीला भिंग लागायचं, डॉक्टरांच्या चिठ्ठीला लागायचं, मुलांच्या प्रगतिपुस्तकातल्या मुख्याध्यापकांच्या सहीलाही. आई म्हणायची, "एकदा माझंही तोंड ताडून बघा, नमुन्याशी जुळतंय का." आणि बाबा मान वर न करता म्हणायचे, "जुळत नाही. पण चालवून घेतो." आई गेली त्यालाही आता नऊ वर्षं झाली होती. बाबा कधीकधी तिला आईच्या नावानं हाक मारायचे आणि तीही ओ द्यायची. चालवून घ्यायची.

अकरा वर्षांची असताना तिनं प्रगतिपुस्तकावर बाबांची सही केली होती. भूमितीत नापास… पुढे जन्मभर रेघाच ओढायच्या होत्या तिला, आणि भूमितीत नापास. रात्रभर सराव करून, जीभ दातांत धरून, सकाळी केली. बाईंनी ती स्वीकारली, वर्गात कुणाला पत्ता नाही. आठवड्यानं बाबांच्या हाताला ते पुस्तक लागलं. ते ओरडले नाहीत. हात धरून तिला खिडकीशी नेलं, भिंग तिच्या डोळ्याला लावलं आणि म्हणाले, "बघ. अक्षरं बरी आहेत. खालची रेघ बघ. टाक टेकतो तिथे शाई दाट असते, उचलतो तिथे विरळ. तुझी डावीकडे दाट आहे. म्हणजे तू डावीकडून उजवीकडे ओढलीस, सगळं जग ओढतं तशी. माझी उजवीकडून येते. नाव संपलं की हात तिथेच असतो, तो उगाच मागे कशाला न्यायचा? तो येतो आपला घरी." मग थोडं थांबून: "हे कुणाला माहीत नाही. तुझ्या आईलाही नाही. आता तुला माहीत झालं."

मारलं असतं तर ती विसरली असती.

आणि गेले चौदा महिने ती रेघ ती उजवीकडून ओढत होती. सुरुवात एका पार्सलच्या पोचपावतीपासून झाली. मग विजेचा अर्ज, मग दवाखान्याचं संमतिपत्र. पाणी खात्यात नकाशे उतरवून काढण्याचं काम तिचं, सव्वीस वर्षांचं. फाटक्या, जुन्या नकाशावरची नळाची रेघ नव्या कागदावर जशीच्या तशी न्यायची, आपलं त्यात काही मिसळायचं नाही. बाबांचं नाव ती तसंच नेऊ लागली. आधी श्वास धरावा लागायचा, मग तोही लागेनासा झाला. आणि गेल्या वर्षी त्यांच्या ओळखपत्राचं नूतनीकरण आलं — घरी भरायचा अर्ज, तळाशी चौकोन — तेव्हा तिनं खरंच त्यांच्या हातात पेन दिलं होतं. ते वीस मिनिटं पेनाच्या टोकाकडे बघत बसले. शेवटी तिनं पेन हळूच काढून घेतलं आणि त्यांच्यासमोरच चौकोनात सही केली. ते खिडकीबाहेर बघत होते. बघत होते ना? मान तर तिकडेच होती. मग ते म्हणाले, "हात चांगला आहे." कुणाचा, कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. बाहेर समोरच्या इमारतीला एक रंगारी झोक्यावर बसून पट्टा मारत होता. त्याचाच असणार.

बाबांच्या गोष्टीतली ती बाई मात्र त्या दिवसापासून घरात राहायला आली.

तिला तिनं कधी पाहिलं नव्हतं. बाबांनी एकदा जेवताना सांगितलेली गोष्ट होती ती, तेव्हा ती स्वतः असेल तेरा-चौदा वर्षांची. एक बाई काउंटरवर आली, स्वतःच्या आईच्या सहीचा कागद घेऊन. बाबांनी भिंग लावलं आणि कागद बाजूला ठेवला. बाई म्हणाली, आई अंथरुणाला खिळलीय, तिला हात हलवता येत नाही, मी करणार नाही तर कोण करणार. "असेल," बाबा भात कालवत म्हणाले होते, "खरंही असेल. पण सही आईची नव्हती." आईनं विचारलं, "मग काय झालं तिचं?" बाबा म्हणाले, "साहेबांकडे पाठवलं. पुढचं माझं काम नाही." आणि त्यांनी ताक मागितलं.

एवढंच. त्या बाईला चेहरा नव्हता, म्हणून अर्जाच्या त्या दिवशी तिनं तिला स्वतःचा देऊन टाकला. आता ती स्वयंपाकघराच्या दाराशी उभी असायची, पिशवी छातीशी धरून. बोलायची नाही. आपला नंबर कधी लागतो याची वाट बघत असल्यासारखी उभी असायची, इतकंच.

बेल वाजली.

अधिकारी अपेक्षेपेक्षा तरुण होता. नम्र, दारात बूट काढून नीट जोडीनं ठेवणारा. वकीलबाईंच्या अंगाला कसलासा थंड सुवास होता. बाबा खिडकीशी खुर्चीत ताठ बसले होते आणि त्यांनी दोघांना असं "या, बसा" म्हटलं की तिचा जीव भांड्यात पडला. उघडले. वेळेवर उघडले.

अधिकाऱ्यानं खुर्ची जवळ ओढली. "काका, ही कोण?"

"माझी मुलगी. बेबी." त्यांनी तिच्याकडे बघितलंही नाही; ज्याची खात्री असते त्याच्याकडे कोण बघतं?

"आज आम्ही कशाला आलोय, माहीत आहे?"

"कागद करायला. यापुढे माझं सगळं ही बघणार, असा कागद."

"आणि हे तुमच्या मर्जीनं? कुणी जबरदस्ती?"

"मर्जी विचारायची पद्धत चांगली आहे," बाबा म्हणाले. "आमच्या वेळी नुसती सही बघायचे."

वकीलबाई हसल्या, अधिकारी हसला. तिलाच हसू येईना. किती दिवसांनी… हा माणूस, हा खवचट, नीटस माणूस. कुठे असतो तो उरलेले साडेबावीस तास? तिला वाटलं की उठून त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवावं आणि म्हणावं, थांबा ना थोडे, बारा वाजले तरी थांबा.

कागद पुढे आला. बाबांनी पेन घेतलं, टोपण उलट्या टोकाला लावलं आणि सही केली. हात कापत होता पण अक्षरं आली, एकामागून एक, जुनी, ओळखीची. मग हात उचलला गेला, नावाच्या सुरुवातीला गेला, टेकला, आणि रेघ ओढत उजवीकडे आला.

डावीकडून. सगळं जग ओढतं तशी.

तिनं ते पाहिलं आणि दुसऱ्या कुणी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी काय कळणार होतं? तिच्या मनात फक्त एवढंच आलं की बाबा घरी यायची वाट विसरले. आणि मग अधिकाऱ्यानं पिशवीतून पारदर्शक पाकीट काढलं. "फक्त एक औपचारिकता," तो म्हणाला. पाकिटात दप्तरातून मागवलेला ओळखपत्राचा मूळ अर्ज होता. तळाशी चौकोन.

मूर्ख. मूर्ख मी. नोंदणीला नमुना लागतो, आणि नमुना म्हणजे दप्तरातली शेवटची सही. ज्या घरात हे वाक्य पिठामिठासारखं वापरात होतं त्या घरात मी वाढले, आणि मला सुचलं नाही.

त्यानं दोन्ही कागद शेजारी ठेवले. मान एकदा इकडे, एकदा तिकडे. दुसऱ्यांदा इकडे.

"वयानं हात बदलतो," वकीलबाई म्हणाल्या.

"हो, ते आहेच. कंपाचं मी धरत नाही. पण ही रेघ…" त्यानं जुन्या सहीवर नख टेकवलं. "शाई बघा ना. ही इकडे दाट आहे, ही तिकडे. माणूस म्हातारा झाला तरी दिशा बदलत नाही, असं आम्हाला शिकवतात." तो अवघडून हसला. "आणि ही आत्ताची तर आपल्यासमोर झाली. म्हणजे ही खरीच. मग ही मागच्या वर्षीची…"

वाक्य त्यानं पुरं केलं नाही. चांगल्या घरचा होता. स्वयंपाकघराच्या दाराशी त्या बाईनं पिशवी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

तिच्याकडे दोन वाक्यं तयार होती, दोन्ही खरी. ती सही मी केली, कारण ते करू शकत नव्हते, हे पहिलं. आणि दुसरं म्हणजे, ते मागच्या वर्षी करू शकत नव्हते तर आज भानावर कसे, हे तुम्ही विचारणारच. ती तोंड उघडणार एवढ्यात—

"जुळत नाही?" बाबा म्हणाले.

हा आवाज तिनं वीस वर्षांत ऐकला नव्हता. काउंटरमागचा आवाज. त्यांनी हात पुढे केला, न बघता, भिंग तिथे असणारच अशा हातानं, आणि तिनं ते त्यांच्या तळव्यावर ठेवलं. अंगठा खळग्यात बसला.

त्यांनी आधी आत्ताची सही घेतली. भिंग जवळ, मग लांब. "रेघ डावीकडून," ते म्हणाले. "ही माझी नाही."

"काका, तुम्ही आत्ताच केलीत. आमच्यासमोर."

"मी कशाला करीन? माझी रेघ उजवीकडून येते. कुणीतरी केलीय. नवशिका आहे." त्यांनी तो कागद दोन बोटांनी बाजूला सारला. मग दुसरा कागद घेतला. तिचा. पाकिटातून काढून घेतला, खिडकीकडे धरला, भिंग खाली आणलं आणि थांबले.

किती वेळ थांबले? भिंतीवरच्या घड्याळात काहीतरी एवढंसंच झालं असेल. पण तेवढ्यात तिला दिसलं की त्यांचा डोळा भिंगामागे मोठा झालाय, आणि तो रेघेच्या उजव्या टोकाला टेकलाय, आणि मग सावकाश, एखादा माणूस रोजच्या वाटेनं चालत यावा तसा, डावीकडे येतोय. टोकाला पोचल्यावर तो वर उचलला गेला. भिंगाच्या काठावरून त्यांनी तिच्याकडे बघितलं. कपाळ नाही, हनुवटी नाही, ताडून बघणं नाही. सरळ.

"ही बरोबर आहे," ते म्हणाले. "ही माझी. ही रेकॉर्डला ठेवा."

अधिकाऱ्यानं खूप प्रयत्न केला. त्यानं पुन्हा विचारलं, पाणी पिऊ दिलं, पुन्हा विचारलं. बाबा दर वेळी तेच सांगत राहिले, नम्रपणे, समजूत घातल्यासारखे: ही खरी, ती खोटी, ती परत पाठवा. शेवटी त्यानं त्याच्या वहीत एक ओळ लिहिली आणि ती वकीलबाईंना दाखवली. सही करणाऱ्यानेच सही नाकारली. "मी काय करू सांगा, मॅडम? माझ्याकडून होणार नाही." जुन्या सहीबद्दल तो काही बोलला नाही. आता बोलण्यासारखं उरलंच नव्हतं. सहीचा धनीच म्हणतो माझी, मग नाही कोण म्हणणार? त्यानं पाकीट पिशवीत टाकलं, दारात बसून बूट घातले आणि जाताना बाबांना नमस्कार केला. बाबांनी मान हलवली. "डोळा चांगला आहे तुमचा," ते म्हणाले.

बारा वाजायला दहा मिनिटं होती.

वकीलबाईंनी पिशवीतून दुसरे कागद काढले. त्यांनी ते बरोबरच आणले होते, हे तिच्या लक्षात आलं आणि तिला राग आला नाही. "आता पालकत्वाचा अर्ज," बाई म्हणाल्या, आवाज उतरवून. "यात लिहावं लागेल की ते असमर्थ आहेत. आज जे झालं तोच पुरावा. भावाला नोटीस जाईल, तो हरकत घेईल, बघू. पण निदान त्या जुन्या सहीचं लचांड मिटलं. नशीब समजा. ती सही त्यांची नाही असं ठरलं असतं तर पहिला प्रश्न तुम्हालाच आला असता."

नशीब. तिनं बाबांकडे बघितलं. ते खिडकीबाहेर बघत होते, भिंग मांडीवर, काच वर. त्यांना काही झालेलं दिसत नव्हतं. ओठ किंचित हलत होते. हा चेहरा बारानंतरचा होता… की बारानंतरच्यासारखा?

कारण दोनच गोष्टी होत्या आणि त्यांच्यामध्ये उभं राहायला जागा नव्हती. एक म्हणजे बाबांना काही कळलं नाही. हात विसरला, पण डोळ्याला जुनी रेघ आठवली, आणि जिथे ती दिसली तिला डोळा आपली म्हणाला. सोपं आहे. डॉक्टर हेच सांगतील. दुसरी… दुसरी अशी की भिंगात बघताना त्यांना सगळं लख्ख कळलं. ही रेघ मी एकाच माणसाला शिकवली. पस्तीस वर्षांत ज्या माणसानं एक खोटी सही पुढे जाऊ दिली नाही, एका बाईला आईच्या कागदासकट साहेबांकडे पाठवून ताक मागितलं, त्यानं आज एक जाऊ दिली, तिच्यासाठी. आणि बदल्यात स्वतःचं नाव स्वतःचं नाही म्हणाला. कुलूप, संस्था, कोर्ट, हे सगळं समजून उमजून.

गेली दोन वर्षं ती एकच गोष्ट मागत होती, कुणाकडे ते तिला माहीत नव्हतं: त्यांना कळू दे. मी कोण, काय करते, किती करते, एकदा तरी कळू दे.

"इथे तुमची सही," वकीलबाई म्हणाल्या.

तिनं पेन घेतलं. 'सदर व्यक्ती आपले हिताहित जाणण्यास असमर्थ आहे' या ओळीखाली जागा होती. स्वतःचं नाव लिहिलं. नाव संपलं, आणि हात उचलला जायच्या ऐवजी खाली टेकला आणि नावाखालून एक रेघ ओढत उजवीकडून परत आला. तिनं आयुष्यात कधी आपल्या नावाखाली रेघ ओढली नव्हती. बाईंनी कागदावर फुंकर घातली, घडी केली. त्यांना काही दिसलं नाही.

स्वयंपाकघराच्या दाराशी आता कुणी नव्हतं. तिनं नीट बघितलं. ती जागा नुसती रिकामी नव्हती, सोडून दिलेली होती. कुणाचं तरी काम झालं होतं.

वकीलबाई गेल्यावर ती बाबांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिली. त्यांच्या मानेवरचे केस वाढले होते. विचारता आलं असतं. अजून तीन-चार मिनिटं होती. "बाबा," ती म्हणाली.

"हं?"

त्यांनी मान वळवली नाही. बाहेर समोरची इमारत होती, वर्षभरापूर्वी रंगवलेली, आता पुन्हा डागाळलेली; झोका नव्हता, रंगारी नव्हता. तिनं घड्याळाकडे बघितलं आणि तशीच उभी राहिली, मोठा काटा वर चढायची वाट बघत. मनात ती मागत होती — आधी कधी मागितलं नव्हतं ते, जीव तोडून — की त्यांना काही कळलेलं नसू दे.